दोन माइक, एक पोकळ आवाज

मी गिटार वाजवतो, मामेबहीण गाते. जुन्या भावगीतांचा अल्बम घरीच करायला घेतला. शेजारी शेजारी बसायचं, दोघांपुढे एकेक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक. ट्रॅक सुटे ऐकले की झकास. एकत्र लावले की ताईचा आवाज डब्यातून आल्यासारखा.

आधी केबलवर संशय, मग इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा). दोन रविवार ईक्यू, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारी बटणं, फिरवण्यात फुकट गेले.

घोळ अंतराचा होता. तिचा आवाज माझ्या माइकमध्येही शिरत होता, पण सुमारे ३४ सेंटीमीटर जास्त चालून, म्हणजे १ मिलिसेकंद उशिरा. तेवढ्याने ५०० हर्ट्झच्या लहरी एकमेकींना खातात. १५०० आणि २५०० लाही तेच. एका माइकची पोलॅरिटी उलटवून (लहरीचं वर-खाली उलटं करून) पाहिली, तर आवाजातले हे खड्डे नुसते दुसरीकडे सरकले.

शेवटी मित्राकडून दोन फिगर-एट माइक आणले. हा माइक पुढून-मागून ऐकतो, कडेने मात्र जवळपास बहिरा. माझ्या माइकची कड ताईच्या तोंडाकडे, तिच्या माइकची कड गिटारकडे वळवली. पाठीकडूनही ऐकतो म्हणून समोरच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. (आजी अजून रागावलेली आहे.)

जुनं रेकॉर्डिंग वाचवता आलं नाही. ९ पैकी ७ गाणी नव्याने झालीत.