घरी समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी लावताय? आधी गोडं पाणी भरून ठेवा

काच, दिवा, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप), वाळू हे दुकानदार सांगतोच. स्टँड मात्र भक्कम घ्या, कारण तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत १९० लिटर पाणी मावतं आणि दगडांसकट वजन दोनशे किलोंच्या वर जातं. पहिल्यांदा याहून लहान टाकी नको. पाणी कमी असलं की बिघडायला एक रात्र पुरते.

पाणी नळाचं नको, टँकरचं तर नकोच. स्वयंपाकघरातल्या आरओचंही सरळ ओतू नका, बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. टीडीएस मीटर आणा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र. आकडा शून्याला टेकायला हवा, त्यासाठी आरओनंतर उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावावं लागतं. मीठ मरीन सॉल्टच, म्हणजे अशा टाक्यांसाठी मिळणारं समुद्री मीठ, खायचं नाही. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ बादलीत घालून पॉवरहेडने रात्रभर फिरवा आणि खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ घनता दिसली की मगच टाकीत घाला.

आता मी गेल्या वेळी जे विसरले ते. गोडं पाणी! वीस लिटरचे दोन कॅन आणा. एकावर मार्करने ठळक 'खारं' लिहा, दुसऱ्यावर 'गोडं'. या गोड्या कॅनमध्ये तेच शून्य टीडीएसचं पाणी, मीठ न घातलेलं. टाकीतून पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून पातळी उतरली की गोडंच घालायचं.

पुण्यातला एप्रिल होता. टाकी थंड राहावी म्हणून वर पंखा लावला होता आणि रोज दोनेक लिटर पाणी उडत होतं. टाकी खारी आहे तर पाणीही खारं, असं समजून मी रोज बादलीतलं तयार खारं पाणी घालत गेले. दोन लिटर म्हणजे ७० ग्रॅम मीठ. तीन आठवड्यांत जवळजवळ दीड किलो मीठ जादा! पाणी वरून काचेसारखं स्वच्छ होतं. मग गोगलगायी काचेवरून सुटून वाळूवर पडल्या, दार मिटून तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लीनर श्रिंप (टाकीत पाळलेला झिंगा) दगडामागे मेलेला सापडला. तेव्हा कुठे रिफ्रॅक्टोमीटर काढला तर १.०३२. खारटपणा एकदम उतरवला असता तर उरलेले जीवही गेले असते, म्हणून रोज थोडं खारं काढून तेवढं गोडं घालत आठवडा काढला.

म्हणून टाकी भरल्या दिवशीच पातळीवर काळ्या टेपची पट्टी चिकटवा. रोज सकाळी चहाआधी पट्टीपर्यंत गोडं पाणी घाला. पातळी उतरली की आपोआप पाणी घालणारा ऑटो टॉप-अप परवडत असेल तर तोच घ्या, पण त्याच्या डब्यातही गोडंच.

मासे लगेच आणू नका. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत दुकानाकडे फिरकू नका. या रिकाम्या आठवड्यांतही पाणी उडतंच, गोडं घालणं चुकवू नका. दगड कृत्रिम किंवा सुके घ्या. मालवणला गेलात म्हणून समुद्रातून प्रवाळ उचलून आणू नका. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

पाण्याचं तापमान २५ ते २७ अंश. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी दुप्पट उडतं, तेव्हा पट्टीकडे लक्ष. मे महिन्यात पाणी थंड करणारा चिलरच लागतो. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा. पहिले मासे टाकीतच पैदा झालेली क्लाउनफिशची जोडी, वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवून मग आत. माशांच्या आजारावरचं तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीच नाही, गोगलगायी आणि श्रिंप मरतात. खाणं थोडं.

पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदला. काढलं ते खारं, म्हणून घालायचं खारं. उडालं ते गोडं, म्हणून घालायचं गोडं. गावाला जाणार असाल तर शेजारच्या काकूंकडे माशांच्या खाण्याबरोबर फक्त 'गोडं' लिहिलेला कॅन द्या आणि खारा त्यांच्या नजरेलाही पडू देऊ नका.