ठिबकच्या आम्ल प्रक्रियेसाठी सामूचा हिशेब कसा मांडावा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकच्या नळ्यांत साचणारा पांढरा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो विरघळवण्यासाठी पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास आणावा लागतो. त्यासाठी लागणारे आम्ल अंदाजाने ओतू नये. पाणी तपासणीचा अहवाल हाती असेल, तर त्याचे प्रमाण कागदावर काढता येते.

अहवालात प्रथम बायकार्बोनेटचा आकडा पाहावा. समजा, विहिरीच्या पाण्यात तो लिटरला ३६६ मिलिग्रॅम असून सामू ७.६ आहे. ३६६ ला बायकार्बोनेटच्या ६१ या रेणुभाराने भागल्यास ६ मिलिमोल मिळतात. कार्बोनिक आम्लाचा पहिला पीकेए (ज्या सामूला निम्मे आम्ल बायकार्बोनेटच्या रूपात असते तो आकडा) २५ अंश सेल्सिअसला ६.३५ असतो, तो सामूतून वजा केल्यावर १.२५ उरतात आणि १० चा १.२५ वा घात १७.८ येतो. म्हणजे बायकार्बोनेट विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या १७.८ पट आहे आणि हा वायू ०.३४ मिलिमोल आहे. दुसरा पीकेए १०.३३ असल्यामुळे कार्बोनेट जेमतेम ०.०१ मिलिमोल भरते. ते वगळता येते, मात्र आकडा काढून पाहिल्यावरच.

आता लिटरला ५ मिलिमोल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले असे धरू. तितकेच बायकार्बोनेट वायूत बदलते, १ मिलिमोल उरते आणि वायू ५.३४ होतो. १ भागिले ५.३४ चा लॉग उणे ०.७३ असल्याने, तो ६.३५ या पीकेएत मिळवून सामू ५.६२ येतो. इतके आम्ल घालूनही सामू जेमतेम दोनने उतरला, कारण बायकार्बोनेट ते आम्ल शोषून घेत राहते.

सहाव्या मिलिमोलला बायकार्बोनेट संपते आणि वरचे सूत्र निरुपयोगी ठरते, कारण शून्याचा लॉग नसतो. विद्यार्थी इथेच अडतात. या टप्प्यावर सगळा वायू ६ आणि ०.३४ मिळून ६.३४ मिलिमोल, म्हणजे ०.००६३४ मोल असतो; त्या ०.००६३४ ला १० च्या उणे ६.३५ व्या घाताने गुणून वर्गमूळ काढावे. हायड्रोजन आयन लिटरला ०.००००५३ मोल, म्हणून सामू ४.२७. आणखी ०.१ मिलिमोल आम्ल घातल्यावर मात्र तीव्र आम्लाचे आणि कार्बोनिक आम्लाचे आयन एकत्र धरून वर्गसमीकरण सोडवावे लागते, बेरीज ०.०००१२३ येते आणि सामू ३.९१ होतो.

शुद्ध पाण्याला सामू ४ साठी ०.१ मिलिमोल पुरले असते, या पाण्याला ६.१ लागले, म्हणून बायकार्बोनेट न पाहता मांडलेला हिशेब शेतात फसतो.

३२ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एका लिटरमध्ये सुमारे १० मोल असतात, त्यामुळे १००० लिटर पाण्याला ६१० मिलिलिटर लागते. हातमोजे व चष्मा घालून नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. सामू शेवटच्या ड्रिपरमधून पडणाऱ्या ताज्या पाण्याचाच मोजावा. उघड्या बादलीतून वायू उडून जातो आणि विशेषतः सामू ५ च्या वर असताना आकडा बराच चढलेला दिसतो.