पर्सच्या हँडलला लोकरीचं कव्हर, गोल मशीनवर विणलेलं

पर्समध्ये सगळ्यात आधी दगा देतं ते हँडल. बाकी पर्स धडधाकट असते आणि हँडलचे पापुद्रे मात्र हाताला चिकटत असतात. अशा हँडलला कव्हर करायला २२ सुयांचं, हाताने फिरवायचं गोल मशीन पुरतं. (मशीनलाही हँडल असतं, पण गोंधळ नको म्हणून त्याला इथे दांडा म्हणू.)

गोल मशीन समोर असलं की नळी विणायचा मोह होतो. तो आवरा. २२ टाक्यांची नळी बारीक हँडलवर लोंबते, शिवाय हँडल दोन्ही टोकांना पर्सला शिवलेलं असेल तर ती घालणार कुठून? आपण सपाट पट्टी विणू आणि हँडलभोवती गुंडाळून शिवू.

आधी माप. हँडलभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा. मग १० सुयांवर २० ओळींचा नमुना विणा, मशीनवरून काढा, आडवा-उभा एकदा ताणा आणि थोडा वेळ तसाच पडू द्या. मशीनवरून उतरलं की विणकाम आक्रसतं, त्यामुळे लगेच मोजलं तर फसगत होते. समजा नमुना ७ सेंमी रुंद भरला, म्हणजे एक टाका ०.७ सेंमीचा. हँडलचा घेर ६ सेंमी असेल तर ८ सुया घ्या. पट्टी ५.६ सेंमी होईल, आणि शिवणीत दोन्ही कडांचा अर्धा-अर्धा टाका गेला की उरतील ४.९. हे कमी वाटतं, पण तसंच हवं. माझं पहिलं कव्हर मी अगदी घेराएवढं केलं होतं. आठवड्याभरात ते सरकून हँडलच्या एका टोकाला मोज्यासारखं गोळा झालं.

लोकर मध्यम जाडीची, अ‍ॅक्रिलिक घ्या. फार जाड लोकर मशीनमध्ये अडकते, आणि सुती दोरा ताणत नाही.

सुरुवात वेगळ्या रंगाच्या टाकाऊ लोकरीने करायची. पहिल्या ओळीत एका सुईच्या आकड्यात लोकर, पुढच्या सुईच्या मागून, असं एकाआड एक. दुसऱ्या ओळीपासून सगळ्या ८ सुयांवर. चार-पाच ओळी झाल्या की कडेला थांबून ती लोकर कापा आणि खरी लोकर लावा. शेपूट वीतभर सोडा.

आता खरी गोम वळणावर, म्हणजे ओळ संपवून उलट दिशेला फिरताना आहे. आठव्या सुईने लोकर घेतली की लोकर मशीनच्या खाचेतून (जिथून ती सुयांकडे जाते) काढा, दोन-तीन रिकाम्या सुया पुढे जाऊ द्या, मग दांडा उलटा फिरवून लोकर परत खाचेत अडकवा. असं न केल्यास शेजारची रिकामी सुई लोकर पकडते. वळताना लोकर बोटाने किंचित ताणून धरा, नाहीतर कडेला सैल फासे दिसतात. दांडा सावकाश फिरवा, विणलेला भाग खालून हलकेच ओढत राहा आणि प्रत्येक ओळीनंतर आठही आकड्यांत टाका आहे ना ते बघा. टाका सुटलाच तर क्रोशाच्या सुईने तिथल्या तिथे उचलता येतो; दहा ओळींनंतर लक्षात आला तर उसवणं आलं.

पट्टी हँडलपेक्षा चार-सहा ओळी जास्त विणा, कारण आडवी ताणली की ती लांबीला कमी होते. शेवटी पट्टीच्या दुपटीहून थोडी जास्त लोकर ठेवून कापा, ती शिवायला लागेल. मग क्रोशाची सुई घेऊन एका टाक्यातून पुढचा टाका ओढत सगळे बंद करा, शेवटच्यातून लोकर काढून घ्या. टाकाऊ लोकर उसवून दुसरं टोकही तसंच, सुरुवातीच्या शेपटीने.

सुलट विणीच्या पट्टीच्या कडा आपोआप मागे वळतात. एरवी त्यांचा वैताग येतो, इथे मात्र पट्टी स्वतःच हँडलला बिलगते. सुलट बाजू वर ठेवून बोथट सुईने शिवायला घ्या: एका कडेच्या टाक्याच्या आत दिसणारा आडवा धागा उचला, मग समोरच्या कडेचा, शिडी चढल्यासारखं. दर चार-पाच टाक्यांनी दोरा ओढला की शिवण आत नाहीशी होते. ती हँडलच्या खालच्या बाजूला येऊ देऊ नका, बोटांना आणि खांद्याला टोचते. दोन हँडलं असतील तर एकमेकांकडे तोंड असलेल्या बाजूला घ्या. धुण्यासाठी काढायचं असेल तर शिवणीऐवजी टिचबटणं लावा, मात्र मग पट्टी दोन सुया जास्त घेऊन रुंद विणा. कडा एकमेकींवर याव्या लागतात.