पाचवीत अडखळणारे मूल: अध्ययन अक्षमता कशी ओळखावी, साथ कशी द्यावी

आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडची बरीच मुले घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीला हायस्कुलात गेली की गणित-विज्ञान इंग्रजीत. तीन भाषा, दोन लिप्या. या गर्दीत एखाद्याचे वाचन अडले की आपण म्हणतो, "माध्यम बदललंय, होईल हळूहळू." कधी ते खरे असते. नसते तेव्हा तोच मुलगा दहावीच्या फॉर्मच्या वेळी अध्ययन अक्षमतेच्या सर्टिफिकेटसाठी धावत असतो.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि ही चूक मीही केली आहे. एका मुलाच्या वहीवर मी वर्षभर "लक्ष नाही" असा शेरा मारत होते. त्याची आई एकदा म्हणाली, "बाई, तो तोंडान सगळें सांगता, बरोवंक (लिहायला) बसलो की रडटा." त्या वाक्यातच निदानाची सुरुवात होती, पण ते मला फार उशिरा उमगले.

आधी वह्या काढा

मागच्या दोन वर्षांच्या वह्या रद्दीत घालू नका. शुद्धलेखनाची, निबंधाची, गणिताची अशी एकेक वही घेऊन शांतपणे पाहा. मूल "माझ्या" ऐवजी "म्हज्या" लिहीत असेल तर ती घरची भाषा आहे, दोष नव्हे. ते कानाला ऐकू येते तसे लिहिते आणि दर वेळी तसेच लिहिते. पण एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी आला, "पर्वत"चा "पवर्त" झाला, घ-ध आणि भ-म यांची सतत अदलाबदल झाली, फळ्यावरचे बघून लिहितानाही अक्षरे गळली, तर सावध व्हा. पहिलीत असे सगळ्यांचेच होते. चौथीतही ते तसेच राहिले तर प्रश्न आहे.

मग तोच धडा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न कोंकणीत विचारा. उत्तरे फटाफट आली, कागदावर मात्र काहीच उतरले नाही, तर अडचण समजण्यात नसून वाचण्या-लिहिण्यात आहे. अध्ययन अक्षमतेच्या या प्रकाराला डिस्लेक्सिया, लिखाणापुरती असेल तर डिस्ग्राफिया म्हणतात. आकड्यांची गल्लत डिस्कॅल्क्युलियात येते. मराठी अंकनावांनी ही गल्लत आणखी वाढते. "तेवीस" म्हणताना तीन आधी बोलायचे आणि दोन आधी लिहायचे. पाचवीत गेल्यावर त्याच संख्येला "ट्वेंटी थ्री" म्हणायचे. इंग्रजीत तर अक्षर आणि उच्चार यांचा मेळ मराठीइतका सरळ नाही, म्हणून चौथीपर्यंत कसेबसे निभावलेले मूल तिथे उघडे पडते.

डोळे आणि कान तपासून घ्या. हे सांगायला नको असे वाटते, पण चष्मा लागल्यावर निम्मी तक्रार गेलेली मुले मी पाहिली आहेत.

तपासणीला जायचे म्हणजे काय?

शाळेत कौन्सिलर किंवा विशेष शिक्षिका येत असतील तर पहिली गाठ त्यांची घ्या, वह्या घेऊनच. पुढचे मूल्यमापन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात: बुद्ध्यांक, वाचन, शब्दलेखन, गणित. त्यासाठी बेंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने तयार केलेली चाचणी वापरतात. मूल कोणत्या माध्यमात, किती वर्षे शिकले आणि घरी काय बोलते हे तिथे न विचारताच सांगा. नाहीतर मराठीत शिकलेल्या मुलाची परीक्षा इंग्रजीतून व्हायची.

तपासणीसाठी "बांबोळी" म्हटले की आमच्याकडच्या आज्या अजून दचकतात. तिथे मानसोपचार संस्था आहे एवढेच त्यांना ठाऊक. घरच्यांना स्पष्ट सांगा की अध्ययन अक्षमता हा वेडेपणा नव्हे, मतिमंदत्व नव्हे; बुद्ध्यांक तपासतात तो हेच पाहायला. बाहेरही मुलांच्या विकासावर काम करणाऱ्या सेतूसारख्या संस्था गोव्यात आहेत. मात्र सरकारी प्रमाणपत्र अधिकृत वैद्यकीय यंत्रणेकडूनच मिळते. त्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरतात, आणि तिथूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, निघते. प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचे झाल्यावरच देतात. म्हणजे तिसरी-चौथी ही हालचालीची योग्य वेळ, दहावी नव्हे.

कायदाही तुमच्या बाजूला आहे. १९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आली. अशी मुले लवकर ओळखणे, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देणे, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देणे हे त्या कायद्यात लिहिलेले आहे. शाळेने "आमच्याकडे असं नसतं" म्हटले तर भांडू नका. कलम १६ आणि १७ ची प्रत अर्जाला जोडा, आणि अर्जाच्या पोचवर सही घ्या.

वर्गात आणि घरी

सर्टिफिकेट येईपर्यंत थांबायचे कारण नाही. शिक्षकांकडे पाचच गोष्टी मागा. अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. वाचायचा उतारा आदल्या दिवशी द्यावा. फळ्यावरचे उतरवण्याऐवजी छापील टिपण मिळावे. विज्ञान-इतिहासात स्पेलिंगचे गुण कापू नयेत. आणि जमेल तिथे तोंडी उत्तर चालावे. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

घरी रोज पंधरा मिनिटे पुरतात, पण रोज. एका ताटात तांदूळ पसरून रफार, जोडाक्षरे बोटाने गिरवायची, तोंडाने आवाज करायचा. र्‍हस्व इकार बोलताना नंतर येतो आणि लिहिताना आधी, हे हातालाच कळावे लागते. वाचताना ओळीखाली पट्टी धरा. आधी तुम्ही वाचा, मग दोघे मिळून, मग तो एकटा. मोबाईल मजकूर वाचून दाखवतो, त्याचा जरूर उपयोग करा. "दहा वेळा लिही" ही शिक्षा बंद. चुकीचाच शब्द दहा वेळा पक्का होतो.

मुलाला काय येते तेही पाहा. माझा तो विद्यार्थी गणेशचतुर्थीला गणपतीवरच्या माटोळीला (लाकडी मंडपीला) बांधायची पंचवीसेक फळे-पाने नावानिशी ओळखायचा, कुठली कुठल्या रानात मिळतात ते सांगायचा. यादी लिहायला सांगितली की चार शब्दांत गाडी अडे. शेवटी परिसर अभ्यासात त्याला चित्रांचा तक्ता करायला दिला. वर्गातली पोरे त्याला विचारायला येऊ लागली.

परीक्षेची तालीम

बोर्डाच्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत जातो. नववीच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना भेटून पर्वरीच्या गोवा बोर्डाचे चालू परिपत्रक मागा: किती जादा वेळ, लेखनिक कोण चालेल, पर्यायी विषय कोणते. हे मुदतीचे काम आहे, फॉर्मच्या आठवड्यात होत नाही.

लेखनिक मिळाला म्हणजे मार्क मिळाले असे नव्हे. सांगून लिहून घेणे ही वेगळी कला आहे. आठवीच्या चाचण्यांपासूनच सराव करा: पूर्णविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, समीकरणातला कंस कुठे बंद होतो, हे मुलाला बोलून सांगता आले पाहिजे. पहिल्या दोन-तीन वेळा तो भरभर सांगत सुटतो आणि लेखनिक मागे राहतो. तेव्हा घरातल्याच कुणाला तरी पेन देऊन बसवा, आणि सांगून ठेवा, मुलाने म्हटले तेवढेच लिहायचे.