अनाथ रिसेप्टरवर काम सुरू करताना

रिसेप्टर म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारं पेशीवरचं प्रथिन. माणसाच्या जीपीसीआर कुळात, म्हणजे जी-प्रथिनांमार्फत तो संदेश आत पोचवणाऱ्यांत, सुमारे ८०० रिसेप्टर आहेत. त्यातले जवळपास निम्मे वासाचे. उरलेल्यांपैकी शंभरेक असे, की त्यांना चिकटणारा शरीरातला रेणू, म्हणजे लिगँड, अजून पक्का ठरलेला नाही. हे अनाथ रिसेप्टर. नुकतेच पीएचडीला लागलेले विद्यार्थी थेट लिगँडच्या मागे धावतात. त्याआधी दोन गोष्टी सिद्ध करायला हव्यात: रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर पोचलाय, आणि दिसणारा सिग्नल त्याचाच आहे.

बाजारातल्या जीपीसीआर अँटिबॉडींवर विसंबू नका. त्यातल्या बऱ्याच रिसेप्टर नसलेल्या पेशींतही बँड (प्रथिन सापडल्याची पट्टी) दाखवतात. त्यापेक्षा प्लाझ्मिड (रिसेप्टरचं जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ) बनवतानाच रिसेप्टरच्या एन-टोकाला, म्हणजे पेशीबाहेर राहणाऱ्या टोकाला, फ्लॅग टॅग (अँटिबॉडीने ओळखता येणारी छोटी खूण) जोडा. एचईके २९३ पेशी (माणसाच्या मूत्रपिंडापासून बनलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या) पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात. आल्या की आधी मायकोप्लाझ्मा या पेशी दूषित करणाऱ्या जिवाणूची चाचणी. सिक्स-वेल प्लेटमध्ये (सहा खळग्यांची प्लेट) पेशींनी वेलचा ७० टक्के तळ व्यापला की २ मायक्रोग्रॅम डीएनए आणि ६ मायक्रोग्रॅम पीईआय (डीएनए पेशीत नेणारा पॉलिमर) सीरम नसलेल्या मीडियात १५ मिनिटं एकत्र ठेवून थेंबथेंब सोडा. डीएनए वाढवलं की निकाल सुधारतो असं नाही. जास्तीचा रिसेप्टर आतच अडकतो, किंवा लिगँडशिवायच सिग्नल देऊ लागतो.

दोन दिवसांनी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने १० मिनिटं फिक्स करून फ्लॅगची एलायझा (अँटिबॉडी चिकटली की रंग देणारी चाचणी) करा, काही वेल ट्रायटन न लावता, काही लावून. ट्रायटन पेशीच्या पटलाला भोकं पाडतं, म्हणून अँटिबॉडी आतही जाते. ट्रायटन लावलेल्या वेलमध्येच रंग आला तर रिसेप्टर पृष्ठभागावर नाही. मग लिगँडची लायब्ररी (तपासायच्या रेणूंचा संच) उघडूच नका.

आता सिग्नल. जीएस, जीआय आणि जीक्यू हे जी-प्रथिनांचे प्रकार. जीएसला जोडलेला रिसेप्टर सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतो. जीआयचा असेल तर आधी फोरस्कोलिन या संयुगाने त्याची पातळी वर न्यावी लागते, तरच घट दिसते. जीक्यूसाठी कॅल्शियम मोजा. प्रत्येक प्लेटवर रिकाम्या प्लाझ्मिडच्या पेशी हव्यातच, कारण एचईके पेशींना स्वतःचे रिसेप्टर आहेत. पिपेट जोरात मारलं तरी पेशींतून एटीपी बाहेर पडतो, त्यांच्याच पी२वाय या एटीपी ओळखणाऱ्या रिसेप्टरला लागतो आणि कॅल्शियमचा सुंदर उंचवटा दिसतो. सीरममध्ये एलपीए हा पेशींच्या स्वतःच्या रिसेप्टरना चेतवणारा लिपिड असतो, म्हणून मोजणीआधी किमान चार तास सीरम काढा. डीएमएसओ (संयुगं विरघळवायचा द्रावक) सगळ्या वेलमध्ये सारखाच ठेवा, ०.५ टक्क्याच्या आत.

एवढी काळजी का, ते जीपीआर३९ या रिसेप्टरवरून कळतं. घ्रेलिन या भुकेच्या हार्मोनच्याच पूर्वप्रथिनातून निघणारं ओबेस्टॅटिन हे पेप्टाइड त्याचं लिगँड असल्याचा दावा २००५ मध्ये झाला. पुढे अनेक प्रयोगशाळांना तो परिणाम मिळालाच नाही. हा रिसेप्टर जागा होतो तो झिंकने. झिंक तर पेप्टाइडच्या, संयुगाच्या नमुन्यात अशुद्धी म्हणूनही येतं. म्हणून नवा हिट (सिग्नल देणारा रेणू) मिळाला की तो चिलेटरसोबत, म्हणजे धातू धरून ठेवणाऱ्या रेणूसोबत, पुन्हा तपासा. सिग्नल गेला तर संशय धातूवर. टिकला तर वेगळ्या पुरवठादाराची बॅच मागवून अर्ध्या लॉगच्या (दर वेळी सुमारे तिप्पट) पायऱ्यांनी डोस-कर्व्ह काढा.

रोगाशी नातं जोडताना उंदराच्या आधी माणसाची जनुकं पाहा. जीपीआर७५ चं लिगँड ठरण्यावर भिस्त न ठेवता २०२१ मध्ये सुमारे साडेसहा लाख लोकांच्या एक्झोमवरून (जनुकांचा प्रथिनं ठरवणारा भाग) दिसलं, की ज्यांची या जनुकाची एक प्रत निकामी आहे त्यांचं वजन सरासरी ५.३ किलोने कमी असतं. असा पुरावा असला की रिसेप्टर रोखायचा की चेतवायचा, याची दिशाच मिळते. उंदरावर जायचंच असेल तर आधी त्या प्राण्याचाच रिसेप्टर एचईकेमध्ये घालून पाहा. जीपीआर३५ वर किन्युरेनिक आम्ल रॅटमध्ये बरं चालतं. माणसाच्या रिसेप्टरला मात्र ते कितीतरी जास्त लागतं.