आंब्याच्या ऑर्डरचा फॉर्म आणि त्याची हेल्पर फंक्शनं

हापूसचा हंगाम म्हणजे मार्च ते मे. देवगड-रत्नागिरीकडचे बागायतदार थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवतात, तेव्हा वेबसाइटवरचा ऑर्डरचा फॉर्म बहुतेक वेळा फोनवरून भरला जातो. पिनकोडचा एक आकडा चुकला, पान परत आलं आणि पत्ता, तालुका, पेट्यांची संख्या सगळं कोरं झालं, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा भरत बसत नाही. हेल्पर फंक्शन, म्हणजे फॉर्मचा एकेक खाना छापून देणारं छोटं फंक्शन, लिहायचं मुख्य कारण हेच: भरलेलं जसंच्या तसं परत दिसलं पाहिजे. टायपिंग वाचतं, पण तो वरचा फायदा.

खालची पद्धत पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या भाषेची आहे. फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत दिली आहेत. पीएचपी ती तशीच चालवून घेतं.

आधी दोन पायाभूत फंक्शनं लिहा, बाकी सगळी त्यांच्यावर उभी राहतात. पहिलं सुरक्षित(). त्याच्या आत एचटीएमएलस्पेशलचार्स (एचटीएमएलमध्ये खास अर्थ असलेली चिन्हं निरुपद्रवी करणारं पीएचपीचं तयार फंक्शन) बोलवायचं, आणि कुठल्याही खान्यातला मजकूर याच्याशिवाय पानावर जाऊ द्यायचा नाही. गिऱ्हाइकाने सूचनेत «थोडे "कच्चे" आंबे पाठवा» असं लिहिलं, तर सुरक्षित न केलेला व्हॅल्यू पहिल्या अवतरणचिन्हापाशीच संपतो आणि पुढचा मजकूर ब्राउझर अ‍ॅट्रिब्यूट (टॅगचा गुणधर्म) समजतो. तिथूनच कोणी स्क्रिप्टही घुसवू शकतं. पीएचपी ८.१ च्या आधी हे फंक्शन एकेरी अवतरणचिन्ह आपणहून बदलत नव्हतं, म्हणून दोन्ही चिन्हांचा फ्लॅग (फंक्शनला सांगायचा पर्याय) स्वतः लिहून द्या. त्याच्या जोडीला सब्स्टिट्यूटचा (तुटलेल्या बाइटांच्या जागी दुसरं चिन्ह घालणारा) फ्लॅगही हवाच, आणि मराठी साइटला तर जास्तच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. कुणी सबस्टर (बाइट मोजून तोडणारं फंक्शन) वापरून पत्ता ५० बाइटवर तोडला, तर शेवटचं चिन्ह मधोमध कापलं जाऊ शकतं. मग हा फ्लॅग नसेल तर फंक्शन अख्खा मजकूर टाकून देतं आणि रिकामी स्ट्रिंग परत करतं. एररही येत नाही. मजकूर तोडायचाच असेल तर एमबी_सबस्टर वापरा, ते बाइट नाही, चिन्हं मोजतं.

दुसरं गुणधर्म(). त्याला अ‍ॅट्रिब्यूटची यादी द्यायची. किंमत ट्रू असेल तर नुसतं नाव छापायचं, फॉल्स किंवा नल असेल तर काहीच नाही, बाकी वेळी नाव, बरोबरचं चिन्ह आणि दुहेरी अवतरणात सुरक्षित केलेली किंमत. डिसेबल्ड, चेक्ड, रिक्वायर्ड यांच्याबाबत ब्राउझर किंमत वाचतच नाही. शब्द दिसला की ते लागू झालं. डिसेबल्डपुढे फॉल्स लिहिलं तरी खाना बंदच राहतो. इथे किंमत आहे की नाही हे एम्प्टीने तपासू नका. एम्प्टीला शून्यही रिकामं वाटतं, आणि शून्य पेट्या हेही एक उत्तर आहे.

आता ड्रॉपडाउन. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फंक्शन बोलवायचं ते असं (खान्याचं नाव, पर्यायांची यादी, आणि $भरलेलं मधली, म्हणजे गिऱ्हाइकाने आधी पाठवलेली किंमत):

निवड('तालुका', $तालुके, $भरलेलं['तालुका'] ?? '')

पर्यायाची व्हॅल्यू म्हणून तालुक्याचं नाव ठेवू नका, क्रमांक ठेवा. खेड रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि पुणे जिल्ह्यातही. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरातही. वेंगुर्ला कोणी वेंगुर्ले लिहितं. म्हणून यादी जिल्ह्यांच्या गटांत द्या: ऑप्टग्रुप (पर्यायांचा गट करणारा टॅग) रत्नागिरी, त्यात ९ तालुके, ऑप्टग्रुप सिंधुदुर्ग, त्यात ८. हेल्परने एवढंच बघायचं, की समोरची नोंद अ‍ॅरे (आतली यादी) असेल तर गट उघडायचा, नसेल तर पर्याय छापायचा.

निवडलेला पर्याय ओळखताना पीएचपीचा एक स्वभाव आडवा येतो. अ‍ॅरेची की (नोंदीची ओळख) म्हणून स्ट्रिंगमधला, म्हणजे मजकूर म्हणून लिहिलेला, ५ दिला तरी पीएचपी त्याचा पूर्णांक करतं, आणि फॉर्ममधून आलेली प्रत्येक किंमत मात्र स्ट्रिंग असते. तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर काहीच जुळत नाही आणि ड्रॉपडाउन पहिल्या पर्यायावर जाऊन बसतो. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येत नाही, पेटी भलत्याच तालुक्याला निघते. दोनच चिन्हं वापरली तर आठव्या आवृत्तीआधी रिकामी स्ट्रिंग आणि शून्य सारखे ठरायचे. उपाय सोपा आहे: दोन्ही बाजू आधी स्ट्रिंग करा, मगच काटेकोर तुलना करा. पहिला पर्याय «तालुका निवडा» हा ठेवा आणि त्याची व्हॅल्यू रिकामी ठेवा, तरच रिक्वायर्ड काम करतं.

चेकबॉक्सवर खूण नसेल तर ब्राउझर त्याचं नावसुद्धा पाठवत नाही. म्हणून हेल्परने त्याच नावाचा, शून्य किमतीचा एक हिडन (पानावर न दिसणारा) खाना चेकबॉक्सच्या आधी छापावा. एकाच नावाच्या दोन किमती आल्या तर पीएचपी शेवटची धरतं. हिडन खाना नंतर ठेवला तर खूण केली तरी शून्यच येईल. रेडिओ बटणांना आयडी देताना नावापुढे व्हॅल्यू जोडा. नाहीतर ४, ५ आणि ६ डझनांच्या पेटीची तिन्ही लेबलं पहिल्याच बटणाला चिकटतात.

टेक्स्टएरियाला व्हॅल्यू अ‍ॅट्रिब्यूट नसतं, मजकूर टॅगच्या पोटात जातो. टेम्प्लेट नीटनेटका दिसावा म्हणून मध्ये सोडलेल्या जागाही पत्त्यात शिरतात, म्हणून उघडणारा टॅग, मजकूर आणि बंद करणारा टॅग हेल्परनेच सलग छापावेत. उघडणाऱ्या टॅगनंतरची पहिली नवी ओळ एचटीएमएल गिळून टाकतं. एक नवी ओळ आपण स्वतः छापली की गिऱ्हाइकाची शाबूत राहते.

तारखेच्या खान्याला किंमत वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लागते. आपल्या सवयीने १५-०४-२०२५ दिलं तर खाना कोरा दिसतो.

पिनकोड आणि मोबाइल यांना नंबर प्रकार देऊ नका, ते मोजायचे आकडे नाहीत. प्रकार टेल आणि इनपुटमोड न्यूमेरिक ठेवला की फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. मराठी कीबोर्डवाल्याने देवनागरीत ४१६६०६ लिहिलं तर इंग्रजी आकड्यांपुरता बांधलेला पॅटर्न (खान्यात काय चालेल त्याचा नियम) ते नाकारतो. पॅटर्नमध्ये दोन्ही आकडे घ्या, सर्व्हरवर एसटीआरटीआरने (चिन्हांची अदलाबदल करणारं फंक्शन) इंग्रजीत बदला आणि मग सहा आकडे आहेत का ते तपासा. नावाच्या खान्याचं मॅक्सलेंग्थ (लांबीची मर्यादा) सढळ ठेवा. ते डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाही. «क्षि» त्याच्या हिशेबात चार भरतं.

फॉर्म उघडणाऱ्या हेल्परने सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटने गिऱ्हाइकाच्या नावाने फॉर्म पाठवू नये म्हणून घातलेली गुप्त खूण) स्वतःच छापावं, म्हणजे विसरायचा प्रश्न येत नाही. रँडम_बाइट्समधून ३२ बाइट घ्या, सेशनमध्ये ठेवा, तपासताना हॅश_इक्वल्स वापरा.

फॉर्म तयार झाला की प्रत्येक मजकुराच्या खान्यात हीच ओळ भरा: आंबा & "पायरी" 'हापूस' < ०. पेट्यांत शून्य टाका, तालुका यादीतला शेवटचा घ्या, पिनकोड मुद्दाम पाचच आकड्यांचा द्या आणि पाठवा. परत आलेल्या पानावर एकही चिन्ह बदललेलं दिसता कामा नये. & च्या जागी &amp; दिसलं, तर मजकूर आत घेतानाच, साठवण्याआधी, एकदा सुरक्षित केला गेला आहे आणि पानावर येताना दुसऱ्यांदा. अशा वेळी हेल्परला हात लावू नका. मजकूर आत घेण्याच्या जागी असलेलं ते फंक्शन काढा आणि डेटाबेसमधल्या आधीच्या नोंदी एकदा मूळ रूपात आणून ठेवा.