दमट हवेत वाद्यावर लॅकर मारताना

गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर (लाकडावर मारायचं, झटपट वाळणारं एक वार्निश) मारल्यावर काही मिनिटांत दुधाळ पांढरी झाक आली, तर बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. थिनर झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतल्या वाफेचं पाणी होऊन ते थरात अडकतं. म्हणून खोलीत साधा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, ठेवाच. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर असेल तर मी त्या दिवशी स्प्रे गन हातात घेतच नाही, घासकाम उरकतो. थांबणं शक्यच नसेल तर रिटार्डर, म्हणजे लॅकर हळू वाळावा म्हणून घालायचा सावकाश उडणारा द्राव, थोडा मिसळा, हात पातळ द्या आणि दोन हातांमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ जाऊ द्या.

थंडीत वाद्य आणि लॅकर दोन्ही आदल्या रात्रीपासून उबदार खोलीत ठेवा. गार लॅकर घट्ट होतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. डबा कोमट पाण्यात ठेवला तरी चालतं, पण शेगडी किंवा हीटरजवळ कधीही नेऊ नका. वाफा लगेच पेट घेतात.

झाक आलीच तर घाईने घासू नका. कोरड्या दिवशी रिटार्डरचा अगदी हलका फवारा मारा. थर पुन्हा मऊ होतो, ओलावा निघून जातो आणि बहुतेकदा लाकडाचा रंग परत स्वच्छ दिसू लागतो.